सुवर्ण-रजत पुष्प : एका चिनी वनौषधीचा इतिहास

भिक्खूच्या जीवनाला आवश्यक अशा चार प्रत्ययांत चीवर, पिंडपात व सेनासन यांच्याबरोबर गिलानपच्चय, म्हणजे आजारी माणसासाठी औषध, याची गणना होते, हे सर्वश्रुत आहे. महावग्गातील भेसज्जक्खंधकात तथागतांनी कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस व कापूस यांची पाने औषध म्हणून अनुज्ञात केल्याची नोंद आहे. ही यादी बारकाईने पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. यांतील एकही वनस्पती दुर्मिळ नाही. गावाच्या कुंपणावर, शेताच्या बांधावर जे सहज मिळते तेच येथे औषध ठरले आहे. चीनमध्येही एका सामान्य वेलीला असेच स्थान लाभले. तिचा सुमारे पंधराशे वर्षांचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचा आहे. औषधाचे ज्ञान कसे वाढते, कसे झाकोळते आणि कसे दुरुस्त होते, हे त्या इतिहासावरून कळते.

इंग्रजीत या वेलीला जपानी हनीसकल म्हणतात. वनस्पतिशास्त्रातील तिचे नाव लोनिसेरा जॅपोनिका. चीनमध्ये तिला तीन नावे प्रसिद्ध आहेत. हिवाळ्यातही तिची पाने टिकून राहतात, म्हणून ती ‘रेन-दोंग’, म्हणजे हिवाळा सोसणारी. तिचे फूल उमलताना पांढरे असते व दोन-तीन दिवसांत पिवळे होते. एकाच वेलीवर एकाच वेळी दोन्ही रंग दिसतात, म्हणून ते ‘जिन-यिन-हुआ’, म्हणजे सोन्या-रुप्याचे फूल. फुले जोडीजोडीने येतात, म्हणून चक्रवाकासारख्या जोडीने राहणाऱ्या युआन-यांग पक्ष्यावरून तिसरे नाव पडले. आपल्याकडील वाचकांनी येथे एक सावधगिरी बाळगावी. महाराष्ट्रातील अंगणांत मांडवावर चढविलेली मधुमालती हिलाही इंग्रजीत कधी कधी चिनी हनीसकल म्हणतात. तिचेही फूल रंग बदलते; पांढऱ्याचे गुलाबी आणि पुढे लाल होते. परंतु ती सर्वस्वी वेगळ्या कुळातील वनस्पती आहे. नाव सारखे म्हणून गुण सारखे, असे मानता येत नाही.

या वेलीविषयी प्राचीन काळी ज्यांनी लिहिले त्यांत थाओ होंग-चिंग (इ. स. ४५६ ते ५३६) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ते ताओ पंथाचे विद्वान आचार्य होते. प्राचीन औषधिग्रंथाचे संपादन व त्यावरील टीका ही त्यांची मोठी कामगिरी. उत्तरायुष्यात त्यांनी, लियांग राजवंशाच्या इतिहासग्रंथातील नोंदीनुसार, आजच्या निंगबो शहराजवळील अशोक स्तूपापुढे जाऊन पंचशील ग्रहण केले. रेन-दोंगविषयी लिहिताना त्यांनी एक मार्मिक विचार मांडला आहे. ही वेल सर्वत्र आढळते, ती हितकारक आहे, तरी लोक ती घेत नाहीत. जे सहज मिळते ते टाकून जे दुष्प्राप्य आहे त्याच्या मागे धावतात. दूरचे ते मोलाचे आणि जवळचे ते क्षुद्र मानणे, हा सामान्य जनांचा स्वभावच असावा काय, असा प्रश्न ते विचारतात. दीड हजार वर्षांनंतरही हा प्रश्न जुना झालेला नाही.

थाओ होंग-चिंग यांच्याच काळात उत्तर चीनमध्ये युनगांगची लेणी कोरली जात होती. त्या कामाचा आरंभ इ. स. ४६० च्या सुमारास झाला. तेथील बुद्धमूर्तींभोवतीच्या पट्ट्यांवर जी वळणदार पर्णवेल दिसते, तिला चिनी कलेतिहासकार ‘रेन-दोंग नक्षी’ म्हणतात. आपल्याकडेही प्रयागराज व संकिसा येथील मौर्यकालीन स्तंभांवरील नक्षीला ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी हनीसकल हेच नाव दिले. त्यावरून ही औषधी वेल अशोककाळापासून बौद्ध शिल्पात पूज्य होती, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. या नक्षीचे मूळ पश्चिम आशिया व ग्रीस येथील ताडपत्राकार अलंकरणात आहे. ती गांधार व मध्य आशियामार्गे चीनमध्ये पोहोचली. हनीसकल हे नाव तिला आकाराच्या साम्यावरून मागाहून मिळाले. शिल्पातील वेल आणि औषधातील वेल यांचे नाव एक, पण वंश वेगळा आहे.

वनस्पती उकळून तिचे पाणी औषध म्हणून पिण्याची चाल चिनी विहारांत चांगलीच रुळलेली होती. नालंदा येथे सुमारे दहा वर्षे अध्ययन केलेल्या इत्सिंग (इ. स. ६३५ ते ७१३) या भिक्खूने आपल्या प्रवासग्रंथात आरोग्याविषयी स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. ताप आला असता कडू मुळीचा काढा किंवा चहा घ्यावा, असे तो सांगतो. आणि परदेशातील वीस वर्षांहून अधिक काळात आपण स्वतः याच उपायाने बरे होत आलो, अशी अनुभवाची जोड त्यास देतो. औषधी म्हणून मळमूत्राचा वापर करण्याच्या प्रथेवर त्याने कठोर टीका केली. परंपरेने चालत आले एवढ्याने एखादा उपचार ग्राह्य ठरत नाही, ही त्याची दृष्टी लक्षणीय आहे.

रेन-दोंगच्या इतिहासातील सर्वांत हृदयस्पर्शी नोंद सोंग काळातील आहे. बाराव्या शतकातील लेखक जांग बांग-जी याने ती केली. इ. स. ११०२ ते ११०६ या दरम्यान सुचौ येथील थ्येनफिंग पर्वतावरील श्वेतमेघ विहाराचे काही भिक्खू डोंगरात फिरत असता त्यांना अळंबीचा एक मोठा गुच्छ सापडला. त्यांनी तो शिजवून खाल्ला. रात्री सर्वांना वांत्या सुरू झाल्या. तिघांनी घाईने जोडफुलांची ही वेल तोडून कच्चीच चावून खाल्ली व ते वाचले. दोघांनी ती खाण्यास नकार दिला. ते वांत्या होऊन मरण पावले. ही वेल डोंगरकडेला, पाण्याच्या काठी सर्वत्र उगवते, गळवे व विषारी सूज यांवरही ती गुणकारी आहे, असे लेखक पुढे सांगतो; आणि निरनिराळ्या ग्रंथांत वेगवेगळ्या नावांनी आलेली वनस्पती ती हीच, अशी ओळखही पटवून देतो.

या कथेचा अर्थ जपून लावला पाहिजे. कोणी किती अळंबी खाल्ली, हे कथा सांगत नाही. तिघे वेलीमुळेच वाचले, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही; आज अळंबीची विषबाधा झाल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे हाच मार्ग आहे. तरीही या नोंदीचे ऐतिहासिक मोल कमी होत नाही. डोंगरातील विहारात राहणाऱ्या भिक्खूंना भोवतालच्या वनस्पतींचे ज्ञान होते, आणि त्यांचा अनुभव एका लेखकाने देवाच्या कृपेचा चमत्कार म्हणून नव्हे, तर निरीक्षण म्हणून नोंदवून ठेवला.

पुढे मिंग काळात ली शि-जेन (इ. स. १५१८ ते १५९३) यांनी आपला प्रचंड औषधिकोश इ. स. १५७८ मध्ये पूर्ण केला. त्यात १,८९२ द्रव्यांचे वर्णन आहे. रेन-दोंगपाशी आल्यावर त्यांनी एक विसंगती टिपली. पूर्वीचे वैद्य जी दुखणी घालविण्यासाठी ही वेल देत, तो उपयोग नंतरच्यांना ठाऊक राहिला नाही. आणि नंतरचे वैद्य सूज व व्रण यांवर तिचा जो गुण सांगतात, तो पूर्वीच्यांनी सांगितलेलाच नव्हता. यावरून प्राचीन व अर्वाचीन यांना एकाच चाकोरीत बसविता येत नाही, असे त्यांनी म्हटले. ग्रंथप्रामाण्य ज्या काळात सर्वमान्य होते, त्या काळी एका कोशकाराने असे लिहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

या फुलाला साथीच्या तापावरील औषध म्हणून कीर्ती मिळाली ती वू थांग (इ. स. १७५८ ते १८३६) यांच्यामुळे. एकोणिसाव्या वर्षी त्यांचे वडील आजाराने गेले. त्या दुःखातून ते वैद्यकाकडे वळले. इ. स. १७९३ मध्ये बीजिंगमध्ये तापाची मोठी साथ आली, तेव्हा त्यांनी अनेक रुग्णांवर उपचार केले. त्या अनुभवातून सिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात सोन्या-रुप्याचे फूल व फोर्सिथियाचे फळ यांना प्रमुख मानून केलेला दहा द्रव्यांचा योग आहे. तो आजही चीनमध्ये सर्दी-तापावर घेतला जातो.

औषधालयाबाहेर हे फूल लोकांच्या घरी पोहोचले ते पेयाच्या रूपाने. उन्हाळ्याच्या आरंभी कळ्या उमलण्यापूर्वीच हाताने खुडतात व वाळवितात. शांतुंग प्रांतातील फिंगयी आणि हनान प्रांतातील फंगच्यू येथे तिची मोठी लागवड आहे. वाळलेल्या कळ्या गरम पाण्यात घालून होणाऱ्या पेयाला चहा म्हणतात खरे, पण त्यात चहाचे पान नसते. क्वांगतुंग, हाँगकाँग व मकाव येथील दमट उष्ण हवेत शेवंती, ज्येष्ठमध इत्यादींबरोबर उकळलेले असे ‘शीतल चहा’ रस्त्यावरील दुकानांत मिळतात. इ. स. २००६ मध्ये चीनने या परंपरेला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. श्रमिकाला परवडणारे हे औषध आहे.

लोकप्रियतेबरोबर गोंधळही आला. दक्षिण चीनमधील याच वंशातील इतर जातींची फुले दीर्घकाळ त्याच नावाने विकली जात होती. इ. स. २००५ च्या चिनी औषधिसंहितेने त्यांना वेगळे केले. लोनिसेरा जॅपोनिकालाच मूळ नाव राहिले व इतरांना ‘डोंगरी रजत पुष्प’ म्हटले गेले. त्यांच्यातील रासायनिक घटकांचे प्रमाण भिन्न आहे, हे त्यामागील कारण होते. या निर्णयामुळे दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या मालाचा भाव पडला व त्यांनी तक्रारी केल्या. नाव बदलले की कोणाची तरी भाकरी हलते, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे.

इ. स. २०२० च्या कोरोना साथीत हे फूल असलेल्या एका तयार औषधाचा चिनी शासनाने आपल्या उपचारसूचीत समावेश केला. सिंगापूरच्या औषध नियामकांनी मात्र, अशा उत्पादनांनी कोरोना टळतो वा बरा होतो याला पुरेसा शास्त्रीय पुरावा नाही, असे जनतेला सांगितले. हनीसकलमधील क्लोरोजेनिक आम्ल, ल्युटिओलिन इत्यादी घटकांचे प्रयोगशाळेत पुष्कळ संशोधन झाले आहे. परंतु नळीतील परिणाम म्हणजे रुग्णावरील परिणाम नव्हे.

केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावर विसंबू नका, असे सांगितले. तेच भगवान आनंदासह मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतात. परीक्षा आणि करुणा या दोन गोष्टी तेथे वेगळ्या नाहीत. सोन्या-रुप्याच्या फुलाचा इतिहासही हेच सांगतो. जवळचे म्हणून औषध तुच्छ लेखू नये, जुने म्हणून ते डोळे मिटून घेऊ नये. ज्याला ताप आहे त्याला उद्या बरे वाटावे, यासाठीच ही सारी पारख आहे.