प्लॅट नदीतला पाहुणा मासा

येत्या ऑक्टोबरात मी आयुष्यात पहिल्यांदा गळ टाकायला जाणार आहे, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, प्लॅट नदीवर. पानगळीच्या दिवसांत कोहो सॅमन मासे मिशिगन सरोवरातून या नदीत अंडी घालायला चढतात. पण प्लॅन करताना कळलं, की हा मासा मुळात तिथला नाहीच. तो पॅसिफिक महासागरातला!

झालं काय, तर समुद्रातून शिरलेला रक्तपिपासू लॅम्प्रे आणि बेसुमार मासेमारी, यांनी सरोवरातले लेक ट्राउट संपवत आणले. मोठा शिकारी मासाच उरला नाही. मग एलवाइफ नावाचे छोटे मासे इतके वाढले, की १९६७ च्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर मेलेल्या एलवाइफचे ढीग साचले.

उपाय आधीच सुरू झाला होता. राज्याचे मत्स्यविभाग प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये कोहोची पिल्लं प्लॅट नदीत सोडली गेली. एलवाइफ खाऊन ती धष्टपुष्ट झाली आणि १९६७ च्या पानगळीत परतली. लोकांची नुसती झुंबड उडाली!

२३ सप्टेंबर १९६७. वादळाचा इशारा होता, तरी छोट्या छोट्या होड्या सरोवरात गेल्या. ७ जण बुडाले.

म्हणून माझ्या यादीत गळ आणि लायसन्स यांच्याही वर हवामानाचा अंदाज आहे. मी नदीच्या काठावरूनच मासे धरणार. तुम्ही होडीने जाणार असाल, तर लाइफ जॅकेट घालाच. आणि इशारा असेल, तर सरळ घरी बसा. कोहो काय, पुढच्या वर्षीही येतील.