उसनी मुळं

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा मी एका नर्सरीतून लाल कॅक्टस आणला होता. खाली तीन धारांचा हिरवा दांडा, वर लालभडक गोळा. वर्षभर ऑफिसच्या टेबलावर मजेत होता. मग पावसाळ्यात माझ्या हातून पाणी जास्त झालं आणि दांडा बुडापासून सडला. गोळा अजून टणक होता, म्हणून तो सोडवून मातीत लावला आणि मुळं फुटायची वाट पाहत बसले. महिन्याभरात तो सुरकुतून गेला. मुळं फुटली असती तरी तो जगला नसता, हे नंतर वाचल्यावर कळलं. त्या गोळ्यात हरितद्रव्यच नसतं. त्याचं सगळं अन्न खालचा दांडा तयार करतो.

मग प्रश्न पडला, स्वतःचं पोट भरू न शकणारं झाड जगभरच्या टेबलांवर पोचलं कसं?

गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या चाको प्रदेशात सुरू होते. तिथे झुडपांच्या सावलीत जिम्नोकॅलिशियम मिहानोविची नावाचा करड्या-हिरव्या रंगाचा, लहान चणीचा निवडुंग वाढतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्बेर्तो फ्रिच या चेक संग्राहकामुळे तो युरोपला माहीत झाला. नाव मिळालं ते निकोलास मिहानोविच या अर्जेंटिनातल्या जहाजमालकाचं. पुढे त्याचं बी जपानपर्यंत गेलं. तिथल्या हौशी लोकांनी त्याच्या एका प्रकाराला 'बोतान' म्हणजे पिओनीच्या फुलावरून नाव दिलं.

1941 साली एइजी वातानाबे या जपानी बागाइतदाराने या निवडुंगाची सुमारे 10 हजार रोपं बियांपासून वाढवली. त्यांत 2 रोपं लाल निघाली. लाल रंग बाहेरून आलेला नव्हता. बिटाला ज्या गटातली रंगद्रव्यं लाल करतात, तीच या निवडुंगातही असतात. एरवी ती हिरव्याखाली झाकलेली राहतात. इथे हिरवं नसल्यामुळे ती दिसली. बी पेरणाऱ्या कोणालाही अशी रोपं अधूनमधून भेटतात. बियातली शिदोरी संपली की ती मरतात आणि आपण ती चिमटीने उचलून टाकतो. वातानाबेंनी ती टाकली नाहीत. दुसऱ्या हिरव्या निवडुंगावर त्यांचं कलम केलं. त्यातून जे झाड उभं राहिलं त्याला 'हिबोतान', म्हणजे किरमिजी पिओनी, असं नाव पडलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. त्या काळात कोणीतरी बोटाच्या पेराहून लहान रोपं जगवत बसलं होतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

युद्धानंतर हे झाड जगभर गेलं. लाल गोळ्याला फुटणारी पिल्लं तोडायची आणि प्रत्येक पिल्लू नव्या दांड्यावर बसवायचं, अशी त्याची वंशवेल हातोहात वाढली. पुढे दक्षिण कोरियाने या धंद्यात आघाडी घेतली. गोयांग परिसरातली हरितगृहं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. वन्य जीवांच्या व्यापारावर बंधन घालणारा साइट्स करार 1975 साली लागू झाला. जवळजवळ सगळं निवडुंगकुळ त्याच्या कक्षेत येतं. पण सवलतींच्या यादीत या झाडाची स्वतंत्र नोंद आहे: हरितद्रव्य नसलेली, ठरावीक खुंटांवर कलम केलेली, लागवडीतली रोपं नियमातून मुक्त. खुंटांची नावंही दिली आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखीसुद्धा या झाडाची ओळख त्याच्या खुंटासकटच आहे.

गेल्या वर्षी मी याच निवडुंगाच्या बिया पेरल्या. हिरव्या ठिपक्यांच्या गर्दीत एक ठिपका गुलाबी उगवला. वाढ थांबलेली दिसत होती, म्हणजे दिवस मोजकेच होते. पेरेस्किऑप्सिस नावाचा एक पानांचा निवडुंग असतो, मूळचा मेक्सिकोकडचा. तो झपाट्याने वाढतो, म्हणून इवल्या रोपांसाठी खुंट म्हणून वापरतात. आधी सहा हिरव्या रोपांवर हात बसवला; चार जगली. मग नव्या ब्लेडने खुंटाचा शेंडा उडवला, गुलाबी रोप मुळांच्या वर कापलं आणि ओल्या कापावर ओला काप टेकवला. दोन्हींच्या मधोमध रसवाहिन्यांचं बारीक वर्तुळ असतं. ती वर्तुळं कुठेतरी एकमेकांना छेदली पाहिजेत, म्हणून रोप किंचित बाजूला सरकवून ठेवायचं. चिकट रसाने ते धरून राहतं. वरून बरणी उपडी घातली आणि आठवडाभर हात लावला नाही. रोज ऑफिसातून आल्यावर पहिलं तिथेच जायचे.

रत्नागिरीला आजोबांना फोनवर हे सांगितलं. त्यांनी आयुष्यभर आंब्याची कोय कलमं बांधली. ते हसले. "उलटंच करतेस गो तू! आम्ही तान्ह्या रोपाचा शेंडा उडवतो नि जुन्या झाडाची काडी बसवतो. तू तान्ह्यालाच वर चढवतेस." मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्या कलमाचा खुंट झाडाला जन्मभर पुरतो. तुझा पुरेल का?"

नाही पुरणार. वरचा गोळा आज लिंबाएवढा झाला आहे आणि खालचा दांडा काडीसारखाच आहे. पेरेस्किऑप्सिस हे बालपणापुरतं पाळणाघर. पुढे जाड खुंट हवा. नर्सरीतल्या लाल कॅक्टसखालचा तीन धारांचा दांडा म्हणजे ड्रॅगन फ्रूटच्याच वेलाचं खोड. सांगलीकडे त्याच्या बागा आहेत. तिथून एका मैत्रिणीने छाटणीतले तीन तुकडे आणून दिले आहेत. तोही खुंट काही वर्षांनी थकेल, मग पुन्हा ब्लेड घ्यावं लागेल. 1941पासून या झाडाचं असंच चाललं आहे. दर काही वर्षांनी कोणीतरी त्याला नवी मुळं देत आलं आहे.

तुकडे बाल्कनीत लावले आहेत. काल एक हळूच ओढून पाहिला. मातीने धरून ठेवला होता.