रॉयल ऑपेरा हाउस, मुंबई

रॉयल ऑपेरा हाउस : मुंबईच्या गिरगाव विभागातील, चर्नी रोड स्थानकानजीकची नाट्यगृहाची वास्तू. आगबोटीने रत्नागिरीहून येऊन गिरगावच्या चाळींत बिऱ्हाडे थाटणाऱ्या कोकणी चाकरमान्यांच्या पिढ्यांना ती परिचयाची असून, तिच्या नावानेच आसपासचा सबंध परिसर ओळखला जातो.

कलकत्त्याचे रंगभूमी-व्यवसायी मॉरिस बँडमन आणि कोळशाचे पारशी दलाल जहांगीर फ्रामजी कराका यांच्या मनात १९०८ साली या वास्तूची कल्पना आली. दिल्ली दरबारासाठी आलेले बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते १९११ मध्ये तिचे उद्घाटन झाले, तेव्हा बांधकाम अद्याप चालूच होते. इमारत १९१२ मध्ये पूर्ण झाली आणि नंतरही काही वर्षे तीत भर पडत राहिली. युरोपातील बरोक शैलीचा डौल आणि एतद्देशीय अलंकरण यांचा तिच्यात संगम आढळतो. प्रवेशदालनावरील आठ पाकळ्यांच्या घुमटाखाली टांगलेली बिलोरी झुंबरे ससून घराण्याने आपल्या भायखळ्याच्या ‘सान सुसी’ या वाड्यातून, म्हणजे जेथे पुढे मसिना रुग्णालय झाले तेथून, दिलेली आहेत. तथापि खरे कौशल्य प्रेक्षागारात दिसते. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळी सर्वांत वरच्या सज्जात बसलेल्या सामान्य श्रोत्यालाही गायकाचा प्रत्येक स्वर सुस्पष्ट ऐकू यावा, या हेतूने छताची घडण केलेली असल्यामुळे, हे सभागृह मुख्यतः कानांसाठी उभारलेले आहे असे म्हणणे योग्य ठरेल. पाश्चात्त्य संगीतिकांसाठी योजिलेल्या या रंगमंचावर पुढे बालगंधर्व व मास्टर दीनानाथ यांचे गायन झाले आणि पृथ्वीराज कपूर यांनी आपली नाटके केली.

१४ मार्च १९३१ रोजी जवळच्याच मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि बोलपटाचे युग सुरू झाले. नाट्यव्यवसायाचा पाया डळमळल्यावर १९३५ मध्ये आयडियल पिक्चर्स या कंपनीने ऑपेरा हाउसचे चित्रगृहात रूपांतर केले. जेथे पूर्वी वाद्यवृंद, रंगमंच आणि बाजूच्या राजेशाही कक्षांत बसलेली प्रतिष्ठित मंडळी ही सर्वच दृष्टीचा विषय होती, तेथे आता सर्वांची नजर एकाच पडद्यावर खिळावयाची असल्याने, ते बाजूचे कक्ष काढण्यात आले, वाद्यवृंदाची खोलगट जागा लोपली आणि जुन्या नक्षीकामावर तत्कालीन आर्ट डेको धर्तीची सजावट आली. वास्तुरसिकास ही हानी बोचल्यावाचून राहणार नाही. परंतु संगीतिकेच्या प्रेक्षकवर्गावर विसंबून इतकी मोठी इमारत तग धरू शकली नसती आणि तिकिटाच्या पैशांतूनच तिच्या भिंती उभ्या राहिल्या, हेही तितक्याच स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. चित्रपटाने या वास्तूचे रूप बिघडविले, पण आयुष्य वाढविले.

१९५२ मध्ये गोंडल संस्थानचे महाराज विक्रमसिंहजी यांनी ती विकत घेतली. दूरदर्शन व व्हिडिओच्या प्रसारामुळे उत्पन्न घटत जाऊन १९९३ मध्ये तिची दारे बंद झाली, आणि पुढील कित्येक वर्षे पावसाचे पाणी व वाळवी यांच्या स्वाधीन होण्याची पाळी तिच्यावर आली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २०१२ च्या संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला. गोंडल घराण्याच्या आश्रयाने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारात रंगाचे थर खरवडून मूळ रंग शोधण्यात आले, चित्रगृहाच्या काळात गेलेले कक्ष पुन्हा बांधण्यात आले आणि वाद्यवृंदाची जागाही पूर्ववत झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये, मुंबईतच जन्मलेल्या गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गायनाने नाट्यगृह पुनश्च खुले झाले. ५७५ आसनांच्या या वास्तूच्या संवर्धनकार्यास २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. आजमितीस भारतात शिल्लक असलेले हे एकमेव ऑपेरा हाउस होय.