जालन्याच्या बियाण्याचें एक अलिखित प्रकरण

जालन्यास इ. स. १९६४ मध्यें बद्रीनारायण बारवाले यांनीं ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी स्थापिली, व १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांस मिळाला, हें सर्वश्रुत आहे. परंतु संकरित कपाशीचें बीं प्रत्यक्ष कोणाच्या हातून सिद्ध होतें, हें दफ्तरांत क्वचितच आढळतें. उद्यां उमलणाऱ्या मादी वाणाच्या कळींतील पुंकेसर आज सायंकाळीं नखानें काढावयाचे, आणि सकाळीं नर फुलाचा पराग तिच्या कुक्षीस लावावयाचा; हें काम बहुतांशीं स्त्रियाच करितात. घरचें बीं निवडून राखेंत जतन करणेंही पूर्वापार त्यांचेंच. सातबाऱ्यावर मात्र नांव बहुधा पुरुषाचें. यामुळें नवें वाण ठरवितांना त्यांचें मत विचारावें कीं नाहीं, हा प्रश्नच पुष्कळदां उद्भवत नाहीं.

इ. स. २००१ च्या वाण-संरक्षण व शेतकरी-हक्क कायद्यानें पारंपरिक वाण जतन करणारासही शेतकरी मानिलें आहे. पण हक्क सांगावयाचा तर पुरावा पाहिजे. सबब सनदा व बखरी जमविणाऱ्या आमच्या वाचकांस आमची विनंती कीं, मजुरीच्या हजेरीवह्या, बियाण्याच्या चिठ्ठ्या व वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या हकीकती हींही अस्सल साधनें समजून वेळींच टिपून ठेवावीं.