रक्ताचा रिपोर्ट बघून आहार कसा बदलावा? मावळकरांसाठी उपयोगी माहिती

वडगाव मावळ : शेजाऱ्याने भात सोडला म्हणून आपणही सोडला, मोबाईलवर व्हिडिओ आला म्हणून साखरेऐवजी गूळ सुरू केला, असं गावोगाव चालतं. प्रत्येकाच्या अंगातली कमतरता मात्र वेगळी असते. कुणाची साखर वाढलेली, कुणाचं रक्त कमी, तर कुणाचं बी-१२ घसरलेलं. त्यामुळे आधी तपासणी आणि मग ताटात बदल, हा क्रम ठेवला तर पैसाही वाचतो आणि तब्येतही.

पुण्याजवळच्या सहा गावांनी काय शिकवलं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. जन्मणाऱ्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बारीक होती, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त होती. निम्म्याहून अधिक मातांमध्ये बी-१२ कमी निघालं. ज्या मातांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणं रक्तात जास्त दिसली. म्हणजे माणूस बारीक आहे, शेतात राबतो, म्हणून त्याला साखर होणार नाही, असं समजू नये.

कोणती तपासणी काय सांगते?

साखर : उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे धोक्याची सूचना, १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेहाची शक्यता. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची साखर. ती ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. त्रास काही नसेल तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, डॉक्टर पुन्हा खात्री करतात.

हिमोग्लोबिन : बाईचं १२, गरोदर बाईचं ११ आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर रक्त कमी.

बी-१२ : साधारण २०० च्या खाली कमी धरतात. हातापायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा ही लक्षणं असू शकतात.

लिपिड प्रोफाइल : ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. दारू, गोड आणि मैदा वाढला की हा आकडा लवकर चढतो.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. म्हणून साखर आणि हिमोग्लोबिन दोन्ही सोबत तपासलेलं बरं.

रिपोर्टप्रमाणे ताटात काय बदलायचं?

साखर वाढली असेल तर भात पूर्ण बंद करायची गरज नसते, वाटी मोजायची. इंद्रायणी हा वडगाव मावळच्याच भात संशोधन केंद्राचा वाण. घरचा असला तरी पांढरा भात साखर वाढवतोच. निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव ताट डाळ, उसळ किंवा अंड्याचं, उरलेल्या पावात भात किंवा भाकरी. नाचणीची भाकरी चांगली, पण तीही मोजूनच. लोणावळ्याची चिक्की गुळाची असली तरी साखरेच्या माणसाला ती गोडच. चहातला चमचा आणि सोबतची बिस्किटं आधी कमी करावीत.

रक्त कमी असेल तर हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, तीळ आणि खात असाल तर मटण-मासळी. सोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा, लोह चांगलं शोषलं जातं. जेवणानंतर लगेच चहा नको. हिमोग्लोबिन बरंच खाली असेल तर नुसत्या खाण्याने भागत नाही, गोळ्या लागतात.

बी-१२ पालेभाजीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत मिळतं. माळकरी घरांत दूध-दही रोज हवंच, आणि तरीही आकडा खाली असेल तर डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्यावं. मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्यावं.

तपासणीला जाताना

उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान आठ तास काही खाऊ नये. पाणी चालतं, चहा नाही. आदल्या आठवड्यात मुद्दाम कमी खाऊ नये, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. गरोदर बाईची साखरेची तपासणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी होते, त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. १४० किंवा जास्त आली तर लगेच उपचार सुरू करावेत.

राज्याच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तीस वर्षांपुढच्यांनी गावातल्या आशाताईंकडे साखर-बीपी तपासणीची चौकशी करावी.

पुन्हा कधी तपासायचं?

तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून एचबीए१सी तीन महिन्यांनीच पुन्हा करावं. दर आठवड्याला करून उपयोग नाही. हिमोग्लोबिन महिन्याभराने, लिपिड दोन-तीन महिन्यांनी. जुने रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवावेत. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, हे डॉक्टरांना जास्त कामाचं.

हे मात्र करू नका

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना स्वतःच्या मनाने जेवण एकदम कमी केलं तर साखर खाली जाते. घाम, थरथर, गरगरणं सुरू झालं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. उपवासाच्या आधीही डॉक्टरांना विचारावं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डाळी, फळं, नारळपाणी यांचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. तो चांगला येण्यात त्या गोळीचाही वाटा असतो.