रस्ता सोडून जाणारी गाडी

मेबॅक म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी छत्रपती घराण्याची ती जुनी उघडी मोटार दसरा चौकात येते, शमीपूजन होतं, आणि मग सोनं लुटायला जी झुंबड उडते तिच्यात माझ्यासारख्या म्हाताऱ्याने शिरू नये हे बरं. गाडी १९३०च्या दशकातली, जर्मन बनावटीची. त्या काळी राजाराम महाराज गादीवर होते (१९२२ ते १९४०). ज्या कारखान्याने झेपेलिन विमानांची इंजिनं केली, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांची केली, त्याच कारखान्याची ही मोटार. सीमोल्लंघनाला निघते, पण डांबरी रस्ता काही सोडत नाही.

आता त्याच नावाची, चारही चाकांना ताकद पोचवणारी अवाढव्य गाडी मिळते. किंमत विचारू नये. हे मला सांगितलं माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. तो स्वतः वेगळ्या कंपनीची, पण त्याच तोलाची गाडी बाळगून आहे. घ्यायच्या आधी सहा महिने अभ्यास, घेतल्यावर आणखी सहा महिने तिच्यात बदल. गाडी वर उचलून घेतली, टायर मोठे घातले, पुढे विंच बसवला, मागे ट्रेलर ओढायला हूक, आणि इंजिनला हवा मिळावी म्हणून छतापर्यंत नेलेली नळी. तिला स्नॉर्केल म्हणतात. "सर, आता ही रस्ता नसला तरी जाते," असं तो म्हणाला. मी विचारलं, "अरे, पण कुठे जाते?" तो हसला. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला, कारण इतिहासाच्या मास्तराला तो विचारावाच लागतो. श्रीमंत माणसाने महागडी गाडी घेतली, ती रस्ता सोडून जाईल अशी करून घेतली, तर पूर्वी ती कुठे जात असे?

राजर्षी शाहू महाराजांच्या आठवणी ज्यांनी वाचल्यात त्यांना 'खडखडा' आठवेल. घोड्यांची गाडी, महाराज स्वतः हाकायचे. नावावरूनच तिच्यात बसणाऱ्याच्या पाठीचं काय होत असेल ते कळतं. ज्याच्या पागेत नक्षीदार बग्ग्या होत्या त्या माणसाला ही गाडी का लागायची? कारण बग्गी राजवाड्यापासून स्टेशनपर्यंत ठीक. माळावर, ओढ्यात, शेताच्या बांधावर नेली की तिचं नाजूकपण उघडं पडतं. आराम आणि दणकटपणा एका गाडीत मावत नाहीत हे दुखणं मोटारीच्या आधीपासूनचं आहे.

मोटार आल्यावर संस्थानिकांनी हे दुखणं पैशाने बरं करायचं ठरवलं. याचा सर्वांत नामी नमुना कोल्हापूरचा नव्हे, राजस्थानातल्या कोट्याचा. तिथले महाराव उमेदसिंह (दुसरे) यांच्यासाठी १९२५ साली रोल्स-रॉइस फँटम तयार झाली. सांगाडा रोल्सचा, वरचं अंग लंडनच्या बार्कर कंपनीचं. तिला रात्रीच्या शिकारीसाठी मोठमोठे सर्चलाइट, बंदुका ठेवायला जागा, आणि मागे चाकांवरची मशीनगन ओढायची सोय. वाघासाठी मशीनगन! जंगलात सावकाश सरपटत जाता यावं अशी गिअरची रचनाही होती म्हणतात. २०११ मध्ये ही गाडी अमेरिकेत लिलावाला आली तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो छापून आले होते. आजच्या तरुणांच्या यादीशी ताडून पाहा: जादा दिवे आहेत, हूक आहे, ट्रेलर आहे, सामानाचे कप्पे आहेत. शंभर वर्षांत यादी फारशी बदललेली नाही.

रोल्सचा दुसरा अवतार रणांगणावरचा. १९१४ मध्ये इंग्रजांनी सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि फिरता बुरूज चढवला. वजन वाढलं म्हणून मागची चाकं जोडीने लावली, पाटे जाड केले. अरबस्तानच्या वाळवंटात लॉरेन्सने याच गाड्या पळवल्या. मेसोपोटेमियातही त्या गेल्या. त्याच मेसोपोटेमियात, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात, मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेल्या. आपल्या मुलखातून तिकडे गेलेल्या पोरांनी वाळूत काय ओढलं आणि कशाने ओढलं, याचा इतिहास रोल्सच्या इतिहासाइतका चकचकीत छापला गेलेला नाही. असो.

पुन्हा शिकारीकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

कोल्हापूर संस्थान चित्त्यांच्या शिकारीसाठी देशभर नावाजलेलं होतं. चित्त्याची शिकार नव्हे, चित्त्याकडून काळविटाची शिकार. हिंदुस्थानातले चित्ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इतके दुर्मीळ झाले की कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. दिव्यभानुसिंह यांच्या चित्त्यावरच्या पुस्तकात हे सगळं सविस्तर आहे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीवर बसवायचं, कळपाच्या जवळ न्यायचं, टोपी काढायची. पहिली पद्धत बैलगाडीची. माळावरच्या काळविटांना बैलगाडी रोजची, त्यामुळे ती बुजत नसत. चित्तेवानाचं कसब असं की गाडी कळपाकडे सरळ न्यायची नाही, शेतकऱ्यासारखी तिरकी तिरकी न्यायची. पुढे पुढे या कामालाही मोटारी आल्या.

इथे एक बदल झाला तो लक्षात घ्या. बैलगाडीचा वेग, बैलाचा दम, माणसाचं कसब या सगळ्याला मर्यादा होती. चित्ताही दोन-चारशे मीटर धावून दमायचा, काळवीट निसटायचं. ज्या दिवशी मोटार रस्ता सोडून माळावर उतरली त्या दिवशी ही मर्यादा संपली. रस्ता ही आपल्याला माणसाची सोय वाटते. जनावराच्या बाजूने पाहिलं तर रस्त्याच्या कडेला त्याची सुरक्षितता सुरू व्हायची, कारण मोटार तिथेच थांबत होती.

भारतातल्या शेवटच्या चित्त्यांची जी नोंद सांगितली जाते ती १९४७ सालची, कोरिया संस्थानातली (आताचं छत्तीसगड). तिथले महाराज रात्री मोटारीतून जात असताना तीन चित्ते एकमेकांना खेटून बसलेले दिसले. तिन्ही नर. पहिल्या गोळीने एक गेला. दुसरी गोळी दुसऱ्याच्या अंगातून आरपार जाऊन मागच्यालाही लागली. तीन चित्ते, दोन गोळ्या. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानाने कुनोला आणावे लागले.

काळविटाला मारलं ते संस्थानिकांपेक्षा जीपने. १९४१ पासून अमेरिकेने युद्धासाठी विलीज जीप केली. साठ अश्वशक्ती, चारही चाकांना जोर, टनभर वजन, ना दार ना गादी. युद्ध संपलं, लष्कराच्या जीपा स्वस्तात विकल्या गेल्या, आणि मुंबईत महिंद्रांनीही विलीजची जुळणी सुरू केली. जी चैन संस्थानिकाला लंडनहून मागवावी लागत होती ती आता कंत्राटदाराच्या, बागायतदाराच्या, साहेबाच्या आवाक्यात आली. माझ्या लहानपणी, १९६० च्या आसपास, उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपत असू. तेव्हा लांब माळावर पांढरा झोत इकडून तिकडे फिरताना दिसायचा. आजी म्हणायची, "जीपवाले आलेत." मग बार. झोत डोळ्यांवर पडला की हरीण जागीच खिळतं, त्यात पळवण्याची, दमण्याची भानगडच नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तोपर्यंत आमच्या माळावर जपण्यासारखं फार उरलं नव्हतं.

जीपची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. आमच्या उद्यमनगरातल्या मेस्त्र्यांनी जीपवर जे हात चालवले त्याला तोड नाही. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसव, चेसिसला जोड दे, पाट्यांत एक पान वाढव, मागे हूक वेल्ड करून ट्रॉली लाव. लेथ आणि फौंड्री हाताशी असलेलं गाव हे. त्यांनी गाड्या बदलल्या त्या हौसेपोटी नव्हे. दूध, खत, पंप, बाळंतीण, सगळं त्यातून जायचं.

ओढण्याच्या बाबतीत तर आपल्या शेतकऱ्याला साहेबाने शिकवण्यासारखं काही नाही. माझा विद्यार्थी मोठ्या उत्साहाने सांगत होता की ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. कमी आला तर ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खातो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातो. मी म्हटलं, हे आमचे वडील ऊस भरताना सांगायचे. भार मागे गेला की गाडी 'उलाळ' होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. फार पुढे आला की 'धुरजड', बैलाची मान मोडते. भार पुढे हवा, पण बेताने. हे दोन शब्द आता किती जणांना माहीत आहेत? टायरगाड्या ट्रॅक्टरच्या मागे बांधून ऊस नेणारे 'अंगद' वाले मात्र अजून अंगाने ओळखतात.

बरं, भरपूर पैसा आणि उत्तम गाडी असली की बदल फायद्याचाच होतो का? १९७० मध्ये ब्रिटनमध्ये रेंज रोव्हर आली. आलिशान आणि रानवट या दोन्ही गोष्टी एका गाडीत मावतात असं जगाला पटवणारी गाडी ती. (तिची कंपनी २००८ पासून टाटांकडे आहे, हे ओघाने.) १९७१-७२ मध्ये मेजर ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्या मोहिमेने खास तयार केलेल्या दोन रेंज रोव्हर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेल्या. मध्ये पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये डॅरिएनचं रान, रस्ताच नाही. दलदलीसाठी म्हणून मोठाले रुंद टायर घातले होते. त्या टायरांनीच घात केला. त्यांचा ताण आतल्या डिफरन्शियलला सोसेना, ते फुटले, इंग्लंडहून कारखान्याचा माणूस बोलवावा लागला. एवढंसं रान पार करायला सुमारे शंभर दिवस लागले, आणि पुढे वाट काढायला घेतली ती एक जुनी, साधी लँड रोव्हर! एक भाग दणकट केला की ताण शेजारच्या भागावर सरकतो, नाहीसा होत नाही. आमच्या मेस्त्र्याने हे एका वाक्यात सांगितलं असतं, तेही शिवी घालून.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, पुढे लावायच्या लोखंडी बारवरही केंद्राने बंदी आणली. कारण साधं आहे. तो बार गाडी वाचवतो आणि धडक ज्याला बसते त्याला मारतो. मी हे विद्यार्थ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, सगळेच लावतात." चाळीस वर्षं वर्गात ऐकलेलं उत्तर.

पण कायद्यापेक्षा मला त्या पहिल्या प्रश्नाची काळजी आहे. शिकार संपली, युद्ध संपलं, तर आता ही गाडी जाते कुठे? दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या राजांचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ मध्ये ते गव्यांचं अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथे वनखात्याचा पहारा आहे. उरतात ते सडे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरची सपाट पठारं. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार घ्या. खाली जांभा, वर बोटभर माती. जूनमध्ये पाऊस पडला की त्या बोटभर मातीत इवली इवली झुडपं, फुलं, कीटक खाणाऱ्या वनस्पती उगवतात आणि तीन-चार महिन्यांत संसार आटोपतात. नेमक्या त्याच दिवसांत धुकं, हिरवळ आणि चिखल असतो म्हणून गाड्या चढतात. अडीच टनांची गाडी त्या मातीवरून एकदा गोल फिरली की चाकोरी पडते. पुढचा पाऊस त्या चाकोरीतून ओढ्यासारखा धावतो आणि होती ती मातीही घेऊन जातो. खाली नुसता जांभा उघडा पडतो. २०२२ मध्ये हे पठार संवर्धन राखीव क्षेत्र झालं, पण पठाराला भिंत नसते.

जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले ते याच पठारावरून, पावसाच्या रात्री. पालखी माणसांच्या खांद्यावर होती. दरवर्षी जुलैत शेकडो मुलं त्या वाटेने पावनखिंडीपर्यंत चालत जातात, अजूनही.