ध्वनिक्षेपक कोणता?

परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. घरांत मराठी, कचेरींत उर्दू, अशी येथील माणसाची दुहेरी वहिवाट. १९१७ सालीं हैदराबादेस दारुल्-तर्जुमा हा भाषांतर-विभाग निघाला, १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें आणि पदार्थविज्ञानासारखा विषयही उर्दूंतून शिकतां येऊं लागला. इकडे इंग्रजी अमलांतील महाराष्ट्रांत संस्कृताच्या आधारानें मराठी परिभाषा घडविण्याचा उद्योग चालला होता. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीनें त्यास पुढें जोर आणिला. परभणीकराच्या कानांवर हे दोन्ही प्रवाह येत होते.

दोहोंची कसोटी पाहावयाची तर लाउडस्पीकर घ्यावा. उर्दूंत त्यास ‘आला-ए-मुकब्बिर-उस्-सौत’ असें भारदस्त नांव आहे. अर्थ, ध्वनि मोठा करणारें साधन. मराठींत ‘ध्वनिवर्धक’, अर्थ तोच. अरबी व संस्कृत एकमेकींपासून इतक्या दूर, पण चूक दोघींची एकच. विजेचा क्षीण संकेत मोठा करितो तो ॲम्प्लिफायर, म्हणजे विवर्धक. लाउडस्पीकर त्या संकेताचें हवेंतील कंपांत रूपांतर करितो, एवढेंच. उलट, बोलणाऱ्याच्या ध्वनीपासून विजेचा संकेत तयार करितो तो मायक्रोफोन. आपण मात्र वक्त्याच्या तोंडापुढील मायक्रोफोनासही ‘ध्वनिक्षेपक’ म्हणतों आणि खांबावरील कर्ण्यासही!

हा घोटाळा अकारण झाला नाहीं. सभेच्या मंडपांत तीनही उपकरणें एकदम येत व एकदम जात. श्रोत्यास सारा मिळून एकच ‘लाउडस्पीकर’. १९२५ सालीं अमेरिकेंत राइस व केलॉग यांनीं हलत्या तारगुंडाळीचा लाउडस्पीकर पुढें आणिला, आणि १९३० सालीं गॅल्विन यांच्या कंपनीनें ‘मोटोरोला’ हा मोटारींतील रेडिओ विकावयास काढिला. तोही ग्राहकाच्या लेखीं एकच वस्तु होती. आज मोटारींत हे भाग सुटे बसवितां येतात: विवर्धक आसनाखालीं, ध्वनिक्षेपक दारांत.

भाग सुटे झाले म्हणजे शब्दाची चूक खिशास भोंवते. दोहोंवरही ‘वॉट’चा आंकडा असतो, पण विवर्धकावरील वॉट म्हणजे देण्याची शक्ति, ध्वनिक्षेपकावरील वॉट म्हणजे सोसण्याची. त्यांतही सतत पेलणारा आंकडा निराळा व क्षणभराचा शिखर-आंकडा निराळा. खोक्यावर पुष्कळदां दुसराच ठळक छापलेला. जो ध्वनिक्षेपकासच ‘ध्वनिवर्धक’ समजतो, तो आवाज वाढावा म्हणून मोठ्या आंकड्याचा ध्वनिक्षेपक विकत घेतो. आणि केवळ त्या आंकड्यानें आवाज कांहीं वाढत नाहीं.

१९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, त्याच वर्षीं भाषा संचालनालय निघालें आणि पुढें परिभाषा-कोशही झाले. पण व्यवहार पाहावयाचा तर मोटारींत हीं यंत्रें बसविणाऱ्या कारागिराकडे जावें. ‘ॲम्प’, ‘स्पीकर’, ‘माइक’ हे तीन शब्द तो तीन वस्तूंसच लावतो. त्याची गल्लत होत नाहीं. शब्द कोणत्या भाषेंतला, या वादांत आपण पिढ्या घालविल्या. तो कोणत्या वस्तूचा, हें विचारावयाचें राहून गेलें. एका वस्तूस एकच शब्द, आणि तो तिच्या कामाशीं जुळणारा, एवढी अट पाळली तर विवर्धक, ध्वनिक्षेपक व ध्वनिग्राहक हे मराठी शब्दही तितकेच चोख चालतील. निदान शाळेच्या पुस्तकांत तरी ते तसे ठरलेले असावेत. नाहीं तर आमच्या मुलांना पुस्तक मिटून त्या कारागिराच्याच दुकानांत शास्त्र शिकावयास जावें लागेल.